गाडगं चुकवणारे नेमबाज

मुळशी खोऱ्यातल्या समस्त रानडुकरांना, साळिंदरांना, वानरांना आणि त्यांच्या वारसांना या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येतं की, ज्या बंदुकीच्या आवाजानं तुम्ही आमच्या लोकांच्या भातखाचरांतून शेपट्या वर करून पळालात, ती बंदूक धरणाऱ्या माणसाला ती धरता येते असं ज्यानं सरकारला लिहून दिलं, तो इसम मीच. त्याबद्दल आपली काही तक्रार असल्यास थेट माझ्याकडे करावी, ठाण्यावर जाऊ नये. वर्दी उतरवून मला दोन पावसाळे झाले आहेत. मी आता कुणालाही पकडू शकत नाही. डुकराला तर तेव्हाही पकडू शकत नव्हतो.

झालं. गंभीर काम उरकलं. आता बसा निवांत.

मी पोलिसात जमादार होतो. आमच्या ठाण्याच्या मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती, तिच्यात हत्यारं असत, आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असे. गोड्या तेलाचा, गंजाचा आणि उंदरांचा मिळून जो वास होतो, तो माझ्या अंगाला इतका बसला होता की बायको म्हणायची, तुम्ही वळणावर आलात की मला घरात कळतं.

या खोलीबरोबर आणखी एक काम माझ्या गळ्यात आलं. ज्याचं शेत रानाला लागून आहे त्याला पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शके. अर्जाला सात-बाराचा उतारा लागे, तलाठ्याचा शेरा लागे, पोलीस पाटलाचा ‘इसम सालस आहे’ असा दाखला लागे. आणि माणूस पहिल्यांदाच परवाना मागत असेल तर आणखी एक कागद लागे: या इसमास बंदूक बाळगण्याची, भरण्याची आणि चालवण्याची अक्कल आहे. ती अक्कल मोजायची मी आणि कागदावर सही करायची फौजदारसाहेबांनी, अशी वाटणी होती.

परीक्षा ठाण्यामागच्या माळावर व्हायची. पहिला प्रश्न, बंदूक हातात आल्यावर तू काय करतोस? बरोबर उत्तर असं, की ती भरलेली आहे असं समजतो. मग नळीत लोखंडी गज सोडायचा. टण्ण वाजला तर बंदूक रिकामी, थप्प वाजला तर आत कुणीतरी दारू ठासून विसरलंय. मग दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, तो गजानं ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळ्यात शेवटी टोपी. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. ही टोपी आधी बसवून मग दारू ठासणाऱ्याला मी तिथल्या तिथं नापास करायचो, कारण पुढच्या खेपेला त्याला दोन्ही हात असतील याची खात्री नसायची. मग भरलेली बंदूक घेऊन बांध ओलांडून दाखवायचा. आणि शेवटी तीस पावलांवर दगडावर ठेवलेलं चुना फासलेलं गाडगं फोडायचं.

आता तुम्ही विचाराल, जमादार, तुमचा स्वतःचा नेम कसा होता? न विचाराल तर बरं. बंदूक खोलण्यात, पुसण्यात, जोडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. चालवायची वेळ आली की मात्र गोष्ट वेगळी. वर्षातून एकदा आमचाही सराव व्हायचा, तेव्हा माझ्या गोळ्या शेजारच्या शिपायाच्या फळ्यावर जायच्या. त्या शेजाऱ्याला बढती मिळाली. मी हत्यारांच्या खोलीत गेलो.

पण परीक्षा घ्यायला नेम लागत नाही, आवाज लागतो, आणि तो माझ्याकडे होता. आमच्या बावधनच्या जत्रेत मी सलग नऊ वर्षं खलनायक केला. माझी एंट्री झाली की पुढच्या रांगेतली पोरं मागच्या रांगेत जायची. तर माझ्यापुढे पहिल्यांदा परीक्षेला आला तो नेरे गावचा एक दांडगा गडी. गज सोडला, ऐकला, दारू ठासली, बांध ओलांडला, आणि बंदूक खांद्याला लावता लावताच, अहो, दुसरा श्वासही न घेता, गाडगं उडवलं. मला इतका आनंद झाला की माझ्यातला नट जागा झाला. मी मिशीला पीळ दिला, डोळे वटारले आणि जत्रेच्या आवाजात गरजलो,

“कुठं शिकलास रे हे? आँ? परवाना नसताना कुणाच्या बंदुकीवर हात साफ केलास?”

गड्याचा चेहरा गाडग्यासारखा पांढरा झाला. “चुकून लागलं, जमादार,” तो म्हणाला. बंदूक हळूच गवतावर ठेवली, पायताणं हातात घेतली, आणि नेऱ्याच्या दिशेनं जो निघाला तो दाखला न्यायलाही परत आला नाही. मी पोट धरून हसलो. पुढं वर्षभर ज्याला त्याला ही गोष्ट नक्कल करून सांगितली. लोकही हसायचे. ठाण्यात हसायचे, असं म्हणतो. गावात कोण हसलं ते पाहायला मी गेलो नाही.

त्यानंतर मात्र माझ्या नशिबाला नुसते अडाणी येऊ लागले. पुण्याचे एक गृहस्थ आले, पेठेत मोठी वखार, आमच्या बाजूला हौसेनं जमीन घेतलेली. डोक्यावर शिकारी टोपी, टोपीला पीस, गळ्यात दुर्बीण. वाघाशिवाय दुसऱ्या जनावराचं नाव घेत नव्हते. मी म्हटलं, बंदूक भरलेली आहे की रिकामी ते दाखवा. त्यांनी बंदुकीचा लाकडी दस्ता जमिनीवर टेकवला, वाकले, आणि नळीच्या तोंडाला डोळा लावून आत पाहिलं.

“अंधार आहे,” ते म्हणाले.

“साहेब,” मी म्हटलं, “उजेड दिसला असता तर तो शेवटचा असता.”

ते नापास झाले ते ठीक. पण डोंगरातल्या वाड्यांवरून येणारे, ज्यांचे बापजादे रानात वाढले, तेही तसेच! कुणी बंदूक उलटी धरायचा, कुणी दारूऐवजी आधी छर्रे ओतायचा, कुणाचा बार आभाळात, कुणाचा बांधात. वर्षामागून वर्ष गेलं. मी नोंदवहीत ‘अकुशल’, ‘अकुशल’ लिहीत होतो आणि गाडगी शाबूत राहत होती. एकच गाडगं मी तीन पावसाळे वापरलं. चुना तेवढा नवा.

मग आला रामजी.

धरणाच्या वरच्या अंगाला धामणवाडी म्हणून बारा-पंधरा घरांची वस्ती आहे. रामजी तिथला. चाळिशीचा, काटकुळा, बोलायला कमी. त्याच्या बापाच्या, म्हणजे आबाच्या, नावावर ठासणीची बंदूक होती. आबा वारले तेव्हा नियमाप्रमाणे ती ठाण्यात जमा झाली, आणि चार वर्षं माझ्या खोलीत तिसऱ्या खुंटीवर होती. नवा परवाना रामजीला मिळाला तर बंदूक त्याची. तीनदा परीक्षेत नापास झाला तर अर्ज निकाली आणि बंदूक सरकारजमा, म्हणजे मोडीत.

चैत्रात पहिली परीक्षा झाली. मी आबाची बंदूक खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं ते कसं सांगू? दुसऱ्याच्या दावणीला बांधलेल्या आपल्या बैलाकडे बघावं तसं. आणि लगेच चेहरा कोरा करून विचारलं,

“जमादार, ही कुटनं धरायची असती?”

धरली ती उलटी. दारू सांडली. बार काढला तो गाडग्यामागच्या करवंदीच्या जाळीवर. जाळीची एक फांदी तुटली. नापास.

ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत, दुसरी. पुन्हा तोच प्रकार. पण या वेळी मी जरा जवळ उभा होतो. रामजी “ह्यो गज कशाला वो?” असं विचारत होता आणि विचारता विचारता त्याच्या हातानं गज नळीत सोडला. मान एका अंगाला कलली. टण्ण. त्यानं ऐकलं, आणि मी ऐकताना त्याला पाहिलं. पुढं बार उडाला तो करवंदीच्या त्याच जाळीवर. मी जाऊन पाहिलं. मागच्या खेपेला तुटलेल्या फांदीचाच दुसरा फाटा तुटला होता. गाडग्यापासून दोन्ही वेळा बरोबर एक वीत अंतर.

मी नऊ वर्षं खलनायक केलाय. नट नटाला ओळखतो. चुकणारा माणूस दर वेळी वेगळीकडे चुकतो. एकाच जागी दोनदा चुकायला फार तयारी लागते.

दोन संधी संपल्या होत्या. मी साहेबांना म्हटलं, अर्जदाराच्या शेताची पाहणी करून येतो. आषाढात एक दिवस पाऊस उघडला तशी सायकल धरणापर्यंत दामटली आणि पुढं पायी धामणवाडी गाठली.

वाडीत शिरताच भेटेल त्याला मी विचारत सुटलो, रामजीचा नेम कसा आहे? वाडीनं एका सुरात उत्तर दिलं.

“रामजी? त्याला गलोल येत न्हाई.”

“रामजीला व्हय? दगड मारला तर सोताच्याच पायाव पडतो.”

एका म्हातारीनं तर कहर केला. “त्याला नीट दिसतबी न्हाई, बाबा,” ती म्हणाली, आणि मागून रामजीनं तिला पन्नास पावलांवरनं हाक मारली, “मावशे, तुजी शेरडी बांधावर चढली बग!”

रामजीच्या घरी त्याची बायको कोंडाबाई होती. तिनं गुळाचा चहा दिला आणि उंबऱ्यात बसली. रामजी खांबाला टेकून खाली बघत राहिला. शेवटी तीच बोलली.

“जमादार, तुमी शेत बगाय आलाय न्हवं? मग माजं तांदूळ बगा आदी.” आतून सूप घेऊन आली. सुपात लालसर, जाडाभरडा तांदूळ होता. “ह्यो बाजारचा. औंदा इकत आनला. आमच्या घरात, आंबेमोहराच्या घरात, इकतचा तांदूळ! डोईवर पदर वढून गेल्ये बाजारात, कुनी वळखू नये म्हून. डुकरांनी मागल्या साली एक लोंबी ठिवली न्हाई. रातरात पत्र्याचा डबा बडवला ह्यांनी, तर डुकरं काय भितात व्हय? त्यास्नी वाटतं वाजंत्री हाय!”

“मग हा तुझा नवरा,” मी म्हटलं, “गाडगं का फोडत नाही? बाई, ह्याला येतंय. मी पाहिलंय.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रामजी म्हणाला,

“जमादार, एक इचारू? राग न्हाई न्हवं धरनार?”

“विचार.”

“गाडगं फुटलं, तर तुमी इचारनार, शिकला कुटं. आबाच्या बंदुकीव म्हनलं, तर ती आबाच्या नावाची. म्या हात लावला म्हंजी गुन्हा झाला. दुसऱ्याच्या म्हनलं, तर त्योबी आत आन मीबी आत. आन शिकलोच न्हाई म्हनलं, तर फुटलं कसं? मंग परवाना ऱ्हायला बाजूला, बेडी पडायची.”

“अरे, असं कोण विचारतंय? कुणाला पडली बेडी?”

“पडली न्हाई. पर इचारलं हुतं की.” रामजीनं अजून वर पाहिलं नाही. “नेऱ्याच्या गड्याला. पैल्याच बाराला गाडगं उडवलं त्यानं. तर जमादारांनी मिश्या पिरगाळून, डोळं वटारून इचारलं म्हनं, कुनाच्या बंदुकीव हात साफ केलास! अनवानी पळाला गडी. समद्या खोऱ्याला ठावं हाय. तवापास्नं कुनीबी तितं गाडगं फोडत न्हाई.”

मी चहा खाली ठेवला.

वाचकहो, मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्या. पण माझं एकच वाक्य साऱ्या खोऱ्यानं पाठ केलं, आणि ते हे! मी ठाण्यात नक्कल करून हसवत होतो, आणि इथं डोंगरात माणसं एकमेकांना शिकवत होती: जमादारापुढं बंदूक उलटी धर, छर्रे आधी ओत, नेम धर तो जाळीवर. परत जाताना मी वाटेतली खाचरं पाहिली. डोंगराच्या वरच्या दांडाची दोन पडीक होती. कुणाची म्हणून विचारलं, तर ज्याचं नाव सांगितलं तो मला आठवत होता. दोन सालांमागं मीच त्याच्या नावापुढं ‘अकुशल’ लिहिलं होतं. सुरेख अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे.

ठाण्यावर आलो, नोंदवही काढली, मोजलं. चौदा. चौदा जणांना मी नापास केलं होतं, आणि त्या पुण्याच्या गृहस्थांना सोडलं तर त्यातला एक तरी खरा अडाणी होता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता करायचं काय? साहेबांना खरं सांगावं, तर सगळ्या खोऱ्यानं विनापरवाना बंदुका चालवल्या असा त्याचा अर्थ. रामजीला ‘बिनधास्त फोड’ म्हणावं, तर त्याचा माझ्यावर विश्वास कसा बसावा? खलनायकानं येऊन ‘आता मी सज्जन आहे’ म्हटल्यावर कुठली नायिका ऐकते? रामजीला एकच गोष्ट हवी होती: ‘शिकलास कुठं’ या प्रश्नाला एक कायदेशीर उत्तर.

ते उत्तर म्हणून मी स्वतःलाच उभं केलं.

साहेबांपुढं कागद ठेवला. अर्जदार दोनदा नापास झाला आहे, शेत रानाला लागून आहे, तरी त्यास ठाण्याच्या आवारात, जमादाराच्या देखरेखीखाली चार वेळा प्राथमिक शिक्षण देण्यास मंजुरी असावी. साहेब नवीन होते, कडक होते, शिस्तीचे होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही शिकवणार? नेमबाजी?”

“होय साहेब.”

“बरं,” ते म्हणाले. पण तो ‘बरं’ त्यांनी फार लांबवला.

श्रावणापासून चार बाजार रामजी आला. कोंडाबाई भाजीची पाटी घेऊन बाजारात जायची, हा माळावर यायचा. झिमझिम चालूच असे. आम्ही दोघं भिजायचो आणि छत्री बंदुकीवर धरायचो, कारण दारू भिजली की बंदूक म्हणजे नुसती काठी. आसपास शिपायांची ये-जा असे, म्हणून मी मोठ्यांदा शिकवायचो आणि रामजी मोठ्यांदा शिकायचा.

“हा दस्ता!” मी गरजायचो.

“आसं व्हय!” तो म्हणायचा.

आणि काय शिकला तो! पहिल्या बाजाराला बार गाडग्यापासून हातभर लांब. दुसऱ्याला वीतभर. तिसऱ्याला चार बोटं. चौथ्याला गाडग्याचा काठ फक्त उडाला. इतका पायरीपायरीनं शिकणारा विद्यार्थी देशात दुसरा नसेल. प्रत्येक पायरी आम्ही आधी ठरवलेली असे.

पण बार दहा मंजूर झाले होते आणि त्याला लागायचे तेवढे लागून काही उरायचे. दुसऱ्या बाजाराला, आसपास कुणी नाही असं पाहून, मलाही हौस आली. मी आबाची बंदूक उचलली, नेम धरला, उडवला. गाडगं जागचं हललं नाही. रामजी खालच्या आवाजात म्हणाला,

“जमादार, तुमी बार उडताना डोळं मिटताय.”

“मी? मुळीच नाही.”

“मंग डोळं उघडं ठिवून येवडं लांब चुकनारा मानूस म्या पैल्यांदाच बगतूया.”

तिथपासून खरी शिकवणी सुरू झाली, ती उलट्या बाजूनं. “खांद्याला घट लावा, न्हाई तर थोबाड फोडंल.” “दम धरू नगा, निम्मा सोडा.” “आन ही म्हातारी डावीकडं वढती. गाडग्याच्या उजव्या अंगाला चार बोटं धरा, म्हंजी मधी बसतं.” तो बंदुकीला म्हातारी म्हणायचा. मी सगळं ऐकायचो, मान डोलवायचो, आणि डावीकडे चुकायचो. एक शब्द मोठ्यानं बोलायचा नाही असं आमचं ठरलं होतं. ऐकू यायचा तो फक्त माझा आवाज.

भाद्रपदाच्या शेवटाला तिसरी परीक्षा लागली. भात पोटरीत आलं होतं, लोंब्या निघायला पंधरा दिवस. नापास झाला तर आबाची बंदूक मोडीत आणि लोंब्या डुकरांना. या वेळी साहेब स्वतः खुर्ची टाकून बसले. कोंडाबाई आंब्याखाली येऊन बसली, पदराचं टोक दातांत धरून. मी गाडगं दगडावर ठेवलं, चुन्याचा डबा बाजूला ठेवून दिला.

रामजीनं बंदूक घेतली. गज सोडला, ऐकला. दारू, बोळा, छर्रे, बोळा. टोपी शेवटी. बांध ओलांडताना नळी आभाळाकडे. मग उभा राहिला आणि थांबला. फार वेळ थांबला. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांची भीती चार बाजारांत जात नसते. हा पुन्हा जाळीवर मारणार. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? खलनायकाला येतं तेवढं सौम्य हसलो.

धाडकन बार झाला. गाडग्याच्या जागी पांढरा धूर आणि दगड.

कोंडाबाईच्या तोंडातून पदर सुटला.

“उत्तम!” साहेब उठून उभे राहिले. आणि मग त्यांनी तेच विचारलं. साधंच, सहज, कौतुकानं विचारलं. “कुठं शिकलास?”

रामजी ताठ उभा राहिला. “हितंच, साहेब. जमादारांनी शिकवलं.”

सगळं पाठ केल्याप्रमाणे. साहेबांनी खुर्चीच्या हातावर कागद ठेवून सही केली. ती शाई वाळताना मी पाहत होतो. इतका सुंदर देखावा मी रंगभूमीवर पाहिलेला नाही. आता खाली पडदा पडायला हवा होता. पण साहेबांनी टोपण लावलं, चष्म्यावरून पाहिलं, आणि तो जुना लांबलेला ‘बरं’ पुन्हा उच्चारला.

“बरं. जमादार, शिष्य असा, तर गुरूचा हातही पाहू या. ठेवा दुसरं गाडगं.”

नाही म्हणायची सोय नव्हती. दुसरं गाडगं ठेवलं. रामजीनं बंदूक भरून माझ्या हातात दिली. मी खांद्याला घट्ट लावली. दम निम्मा सोडला. डोळे, शपथेवर सांगतो, उघडे ठेवले. आणि नेम धरला तो सरळ गाडग्याच्या मध्यावर.

बार उडाला. गाडगं तसंच. डावीकडे ठेवलेला चुन्याचा डबा मात्र कारंज्यासारखा उसळला, समोरून वाऱ्याचा झोत आला आणि साहेब, साहेबांची खुर्ची आणि मी, तिघेही दिवाळीआधीच सफेदी करून निघालो.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण या गोष्टीतलं शेवटचं वाक्य माझं नाही. परवाना झाला. आबाची बंदूक धामणवाडीला गेली आणि भात घरी आलं. मार्गशीर्षात कोंडाबाई पदर खांद्यावर टाकून, मान वर करून बाजारातून चालत आली आणि पायलीभर आंबेमोहर माझ्या बायकोच्या पदरात ओतून गेली. माझ्या घरात पहिल्यांदाच तेलाच्या वासावर दुसऱ्या कशानं तरी मात केली. चौदांपैकी नऊ जणांनी पुन्हा अर्ज केले, जमादाराकडे ‘शिकून’ घेतलं आणि गाडगी फोडली. नेऱ्याचा गडी मात्र आला नाही. मी दोनदा निरोप धाडला, एकदा स्वतः गेलो. तो घरी नव्हता असं घरातूनच त्यानं सांगितलं. पडीक खाचरांपैकी एक लागवडीखाली आलं, एक राहून गेलं.

आणि साहेब? साहेबांनी माझ्या सेवापुस्तकात ‘शिकवण्याची हातोटी असामान्य’ असा शेरा लिहिला, आणि तो लिहिताना ते हसत होते की नाही हे मला चष्म्यामुळे कळलं नाही. त्या दिवशी माळावर काय ऐकू आलं, याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्या क्षणी ते चष्म्यावरचा चुना पुसू लागले, आणि तो चुना, मी सांगतो, पाच मिनिटं निघत नव्हता.

कारण झालं असं, की डबा उडाला आणि चुना बसला. चैत्रापासून जो माणूस एक शब्द चुकला नव्हता, दोन परीक्षा ज्यानं वीत मोजून चुकवल्या होत्या, बायकोचा विकतचा तांदूळ पाहूनही ज्यानं माळावर तोंड उघडलं नव्हतं, त्याला सगळं सहन झालं. पण चांगल्या बंदुकीवर वाया गेलेला बार सहन झाला नाही. रामजीनं कपाळावर हात मारला आणि साहेबांच्या, शिपायांच्या, साऱ्या माळाच्या देखत ओरडला:

“आवो जमादार, आबा असल्यापास्नं डावीकडंच वढती ती! किती बाजार सांगतूया तुमास्नी!”